पावसाळी रात्री पडवीत आलेला पट्टेरी पोटाचा पक्षी: कुणी ओळखेल का?

व्हाळकाठ | १३ जून, सकाळी ७:५०

नमस्कार मंडळी. आमचं घर कुडाळ तालुक्यात, व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठाला. मागच्या बाजूला केळी, त्यापलीकडे बांबूचं जुनं बेट आणि मग थेट रान.

परवापासून पाऊस थांबलेला नाही. काल रात्री साडेदहाच्या सुमाराला वीज आली म्हणून पडवीतला दिवा लावला, आणि दहा मिनिटांत भिंतीवर काहीतरी थडकल्याचा आवाज आला. बाहेर जाऊन पाहिलं तर सुपाच्या आड एक पक्षी अंग चोरून बसलेला. कबुतरापेक्षा लहान. डोकं, मान आणि छाती विटकरी, गळ्याशी पांढरट, पाठ साधी मातकट तपकिरी. पोटाकडे मात्र काळे-पांढरे आडवे पट्टे, इतके रेखीव की कुणी ब्रशने ओढल्यासारखे. डोळा लालभडक. पाय काळपट करडे, बोटं लांब. शेपूट आखूड आणि ती सारखी झटकत होता.

मी गावात वाढलोय, पाणकोंबडी रोज बघतो. ही ती नव्हे. चाळिशीपर्यंत हा पक्षी मी एकदाही कसा पाहिला नाही, याचंच आश्चर्य वाटतंय. सध्या खोक्यात ठेवलाय. काय करू? खायला काय घालू?

---

घाटमाथा | १३ जून, सकाळी ८:१५

आधी महत्त्वाचं. खायला काही घालू नका, चोचीत पाणी अजिबात ओतू नका. अशा वेळी पाणी श्वासनलिकेत जाऊन पक्षी मरतात. खोक्याला भोकं पाडा, खाली कागद अंथरा, वरून झाका आणि ज्या खोलीत माणसांची वर्दळ नाही तिथे ठेवा. पुन्हा पुन्हा उघडून बघू नका. अंधार आणि शांतता हेच त्याचं औषध.

पंख लोंबत असेल किंवा रक्त दिसत असेल तर वनविभागाला १९२६ वर फोन करा. तसं काही नसेल तर आज दिवस मावळल्यावर त्याच बांबूच्या बेटाच्या कडेला खोकं आडवं करून उघडा आणि मागे सरा. हाताने उडवू नका, तो स्वतः चालत जाईल.

ओळख सांगतो थोड्या वेळाने, कामावर निघालोय. पण वर्णन वाचूनच अंगावर काटा आला हो.

---

टिटवी | १३ जून, सकाळी ९:०२

लाल छातीची फटाकडी असेल का? आमच्या तळ्यावर बेशरमीच्या झुडपांत असते ती. तिचीही छाती विटकरीच.

---

घाटमाथा | १३ जून, दुपारी १:३०

टिटवी, तुमचा अंदाज रास्त आहे, पण दोन गोष्टी जुळत नाहीत. लाल छातीच्या फटाकडीचे पाय लाल असतात, आणि तिच्या पोटावर पट्टे असले तरी ते मागच्या बाजूला, पुसट. इथे पट्टे ठळक आहेत, छातीचा विटकरी रंग संपतो तिथून सुरू होऊन थेट शेपटीखालपर्यंत. पाय करडे. पाठीवर एक ठिपका नाही.

हा स्लेटी-लेग्ड क्रेक. क्रेक मंडळींना आपल्या पुस्तकांत फटाकडी म्हणतात, म्हणून याला करड्या पायांची फटाकडी म्हणायला हरकत नाही. जुन्या पक्षीनिरीक्षकांच्या तोंडी अजून बँडेड क्रेक हे नाव असतं. शास्त्रीय नाव रॅलिना युरिझोनॉइडीस. लांबी साधारण २५ सेंटिमीटर.

गोंधळ होऊ शकेल असा आणखी एक म्हणजे स्लेटी-ब्रेस्टेड रेल. पण त्याची छाती राखाडी असते, पाठीवर पांढऱ्या बारीक रेघा असतात आणि चोच लांब, लालसर. पाणकोंबडीचा तर प्रश्नच नाही, तिचं तोंड आणि छाती पांढरी शुभ्र.

व्हाळकाठ, तुम्ही चाळीस वर्षांत पाहिला नाहीत यात नवल नाही. मी बावीस वर्षं सह्याद्रीत पक्षी बघत फिरतोय. हा पक्षी माझ्या डोळ्यांना नीट दिसला तीन वेळा. ऐकला मात्र शेकडो वेळा.

---

रानजाई | १३ जून, दुपारी २:१०

"ऐकला शेकडो वेळा": म्हणजे आवाज कसा? आमच्याकडे (अंबोलीच्या खाली) पावसाळ्यात रात्रभर काहीतरी ओरडत असतं. वडील म्हणतात रातवा (रात्री फिरणारा तो पक्षी), मला वाटतं बेडूक.

---

घाटमाथा | १३ जून, रात्री ९:४५

दोन-दोनच्या जोडीने येतो. केक-केक… केक-केक… केक-केक… थोडा नाकातला, कोरडा, आणि अंगाच्या मानाने फारच मोठा. एकदा सुरू झाला की तास-तासभर चालतो. कधी कधी घशातून घरघर काढल्यासारखा लांबलचक दुसरा आवाजही येतो.

रातव्याचे "चक-चक-चक" एकेरी ठोके असतात, एका लयीत. झुडपांतले छोटे बेडूक "टिक-टिक" करतात, पण तो आवाज बारीक आणि आजूबाजूला दहा ठिकाणांहून एकदम येतो. क्रेक एकाच जागेवरून बोलतो आणि त्याला उत्तर आलं तर ते बरंच लांबून येतं, कारण प्रत्येक जोडी आपला इलाखा राखून असते.

दिवसभर हा पालापाचोळ्यात गप्प. संध्याकाळ कलली की चरायला निघतो: गांडुळं, गोगलगायी, किडे, थोडंफार बी. चोचीने पाचोळा उलथतो, चिखलात टोचतो. चाहूल लागली तर उडत नाही, झुडपाच्या बुंध्यातून चालत नाहीसा होतो. त्याचं अंग दोन्ही बाजूंनी चपटं असतं, त्यामुळे आपला हात शिरणार नाही अशा फटीतून तो सहज जातो. अगदीच अंगावर गेलात तर भर्रकन उठतो आणि, हे मी एकदा पाहिलंय, सरळ झाडाच्या फांदीवर जाऊन बसतो. पाणपक्ष्यांच्या कुळातला पक्षी फांदीवर बघून मी पाच मिनिटं त्याला भलतंच काहीतरी समजत होतो.

म्हणूनच तो नेमका कुठला, पाणथळीचा की जंगलाचा, हे एका शब्दात सांगता येत नाही. कूळ पाणकोंबड्यांचं, सवयी रानातल्या. ओढा हवा, पण उघडा नको, झाडीने झाकलेला हवा. घरटं मात्र ओलीत नाही. जमिनीवर कोरड्या जागी किंवा जमिनीपासून थोडं वर, गवताच्या थोंबात नाहीतर बांबूच्या बुडख्यात. अंडी ४ ते ८. ऐन पावसात.

---

व्हाळकाठ | १३ जून, रात्री १०:२०

सोडला. साडेसातला बेटाच्या कडेला खोकं ठेवलं, मी आणि आई केळीच्या आड उभे राहिलो. तीन-चार मिनिटं काहीच नाही. मग मान बाहेर काढली, इकडे तिकडे पाहिलं आणि दोन ढांगांत दिसेनासा झाला. पाचोळ्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

घाटमाथांचा "केक-केक" मी आईला करून दाखवला. तिचं उत्तर जसंच्या तसं देतो: "ह्यो आवाज मी ह्या घरात सून म्हणान इलंय तेव्हापासून ऐकतंय. माका वाटायचा बेडूक."

पंचेचाळीस वर्षं, मंडळी.

---

साधीसुधी | १३ जून, रात्री १०:४१

आईंना नमस्कार सांगा. डोळे भरून आले वाचून.

---

जुना_बोरू | १४ जून, सकाळी ६:३०

एक प्रश्न बऱ्याच दिवसांपासून मनात आहे. हे पक्षी पावसाळ्याच्या तोंडावरच घरात का शिरतात? आमच्या ठाण्याच्या सोसायटीत जिन्याखाली असाच एक सापडला होता, जूनचा दुसरा आठवडा. तेव्हा सगळ्यांनी तितर म्हणून सोडून दिलं. आता हे वर्णन वाचून खात्री पटली.

---

घाटमाथा | १४ जून, दुपारी १२:५५

कारण तेव्हा ते प्रवासात असतात. सह्याद्रीत ते पावसाळ्यात विणीला येतात आणि पाऊस सरला की बरेचसे दक्षिणेला, श्रीलंकेपर्यंत जातात. श्रीलंकेत ते केवळ हिवाळी पाहुणे असावेत असंच बराच काळ मानलं जायचं. पुढे तिथे बारमाही राहून वीण करणारेही आहेत हे लक्षात आलं. एवढ्याशा बेटावर एक पक्षी वर्षभर राहतो आणि माणसांना कळत नाही, यावरून त्याच्या लपण्याची कल्पना करा.

प्रवास रात्रीचा. पंख आखूड आणि गोलसर, वादळी वाऱ्यात झगडणारे. त्यात पावसाने खाली दाबलं की दिव्याच्या उजेडाकडे खेचले जातात आणि भिंतीवर, काचेवर आदळतात. नवरंग पक्ष्याचंही तेच होतं, मे अखेरीस आणि जूनमध्ये मुंबई-पुण्यात बाल्कनीत सापडलेल्या नवरंगाचे फोटो दरवर्षी येतात. नवरंग देखणा, म्हणून त्याची बातमी होते. क्रेकला लोक कोंबडीचं पिल्लू समजतात.

जुना_बोरू, ठाण्यात म्हणालात. येऊरच्या जंगलात जुलैच्या रात्री मी हा ऐकलाय. तुमच्या जिन्याखालचा बहुतेक तिकडेच निघाला होता.

---

काचघर | १४ जून, रात्री ८:१२

मी अंधेरीत काम करतो. आमच्या इमारतीला खालपासून वरपर्यंत काच आहे. गेल्या वर्षी जूनमध्ये सकाळी झाडलोट करणाऱ्या मावशींनी मला हाक मारून एक मेलेला पक्षी दाखवला होता. पट्ट्यांचं पोट मला स्पष्ट आठवतंय. मी तेव्हा फोटो काढला, कुणाला विचारावं ते कळेना, मग विसरलो. आज हा धागा वाचून फोटो शोधला. तोच आहे.

रात्री दहानंतर मजल्यांवरचे रिकामे दिवे बंद ठेवा, निदान जूनचे पहिले दोन-तीन आठवडे, एवढीच विनंती मी आमच्याकडे लावून धरणार आहे. विजेचं बिल कमी होईल हे कारण पुढे करतो, कदाचित ते लवकर पटेल.

---

तैपेईकर | १५ जून, पहाटे ४:५०

थोडं विषयांतर वाटेल, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मी सातेक वर्षं तैवानमध्ये आहे. हा क्रेक इथेही आहे, तैवानची स्वतंत्र उपजात आहे त्याची, आणि इथेही तो क्वचितच दिसतो. पण रानात लपणारा आणखी एक पाणपक्षी म्हणजे मलायन नाईट हेरॉन. जंगलातला बगळा. तांबूस तपकिरी अंग, डोक्यावर काळी शेंडी, चोच बगळ्याच्या मानाने आखूड आणि जाड. लहानपणी सावंतवाडीला मामाकडे असताना एका काकांनी सांगितलं होतं की हा बगळा दिसणं म्हणजे नशीब. पावसात, अंधाऱ्या ओढ्यावर, तोही क्षणभर.

आणि इथे तैपेईत तो विद्यापीठाच्या हिरवळीवर भरदिवसा उभा असतो! शेजारून सायकली जातात, मुलं डबा खात बसलेली असतात, आणि हा मान हलकेच डुलवत गांडुळाचा अंदाज घेतो. मग झटक्यात गांडूळ ओढून काढतो, रबरासारखं ताणून. रस्त्याकडेच्या झाडांवर घरटी करतो. इथले लोक त्याला प्रेमाने "मोठा खुळा पक्षी" म्हणतात, कारण माणूस जवळ आला तरी पुतळ्यासारखा उभा राहतो.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी तिथेच थांबले, वर्गाला उशीर झाला. जात तीच, स्वभाव दुसरा. माझ्या मनाने मी असा अर्थ लावलाय: इथे त्याच्या वाट्याला अनेक पिढ्या कुणी गेलं नाही, आणि गवताखालची जमीन गांडुळांनी भरलेली आहे. लाजरेपणा रक्तात असतोच असं नाही, कधी तो शिकावाही लागत असेल.

---

कुळागर | १५ जून, सकाळी ९:२०

तैपेईकर, अजिबात विषयांतर नाही! आमच्या गोव्यातल्या सत्तरीत हा बगळा पावसात येतो. माझ्या कुळागरात, सुपारीच्या ओळींत, जिथे पाटाचं पाणी झिरपून जमीन मऊ राहते तिथे दोन वर्षांपूर्वी पाहिला. संध्याकाळी त्याचा आवाज यायचा, खोल "हू… हू… हू…", सेकंदा-दीड सेकंदाला एक. मी घुबडच समजत होतो. ओढ्यावर झुकलेल्या झाडावर काटक्यांचं घरटं होतं.

दिसला की मान ताठ करून चोच वर धरतो आणि सुकलेल्या फांदीचा तुकडाच होतो. नजर एकदा हलली की परत सापडत नाही.

---

लेन्सवाला | १५ जून, सकाळी ११:०५

व्हाळकाठ, नेमकी जागा कळेल का? कुडाळहून किती आत? पुढच्या शनिवारी आम्ही चौघे येऊ शकतो. आवाज लावला (मोबाइलवर कॉल) की क्रेक बाहेर येतो असं ऐकलंय. चांगले फोटो मिळाले तर तुमच्या गावाचंही नाव होईल.

---

रानजाई | १५ जून, सकाळी ११:३०

कृपया जागा देऊ नका.

---

घाटमाथा | १५ जून, दुपारी २:४०

लेन्सवाला, तुमची ओढ मला कळते, मीही त्यातूनच गेलोय. म्हणून मोकळेपणाने लिहितो.

कॉल लावल्यावर तो बाहेर येतो हे खरं. का येतो? त्याला वाटतं दुसरा नर इलाख्यात घुसलाय. तो चरणं सोडतो, अंडी असतील तर घरट्याजवळून हलतो, उघड्यावर येतो. मांजर, मुंगूस, साप यांना एवढी संधी पुरते. तुम्ही चौघे बॅटऱ्या घेऊन पाचोळा तुडवाल, आणि घरटं असतं जमिनीवर. दहा मिनिटांच्या फोटोसाठी त्याचा वर्षाचा एकच हंगाम पणाला लागतो.

मी २००९ साली हेच केलं होतं. कॉल लावला, पक्षी आला, फोटो मिळाला. दुसऱ्या आठवड्यात त्या ओढ्यावर आवाज नव्हता. कारण मीच होतो असं सिद्ध करता येणार नाही. पण त्यानंतर मी विणीच्या काळात कॉल लावलेला नाही.

नोंदीसाठी फोटो लागतोच असंही नाही. घराच्या ओट्यावर बसून मोबाइलवर आवाज टिपा, तारीख-वेळ लिहा, ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदींचं संकेतस्थळ) चढवा. या पक्ष्याच्या बाबतीत आवाज हीच सर्वांत भरवशाची नोंद.

---

लेन्सवाला | १५ जून, सायंकाळी ६:१८

समजलं. जागा विचारली ती चूक झाली. आमच्या गावाजवळ (संगमेश्वर) देवराई आहे, तिथल्या ओढ्याकाठी आधी नुसतं ऐकून येतो.

---

टिटवी | १६ जून, सकाळी ७:४०

हे पक्षी धोक्यात आहेत का मग?

---

घाटमाथा | १६ जून, दुपारी १:१५

जागतिक यादीत "कमी चिंतेचे" या गटात. भारतापासून आग्नेय आशिया, फिलिपिन्स, इंडोनेशियापर्यंत पसरलेत. त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही.

पण त्याच्या कुळाचा इतिहास वाचला की सावध व्हायला होतं. रेल कुळातले, म्हणजे पाणकोंबडी-फटाकडीच्या कुळातले, पक्षी उडत उडत दूरच्या बेटांवर पोचले, तिथे शत्रू नव्हते, म्हणून उडणं सोडून बसले. माणसाबरोबर उंदीर, मांजरं, साप पोचले आणि कित्येक जाती संपल्या. ग्वाम बेटावरचा रेल तपकिरी झाडसापाने १९८०च्या दशकात रानातून पुसून टाकला. पिंजऱ्यात वाढवलेल्या मोजक्या पक्ष्यांपासून त्याला पुन्हा जवळच्या बेटांवर सोडलं, आणि २०१९मध्ये "रानातून नामशेष" हा शिक्का निघाला. आपल्याकडे याच रॅलिना प्रजातीतला एक क्रेक फक्त अंदमानात आहे, जगात दुसरीकडे कुठेही नाही. त्याची काळजी मला जास्त वाटते.

---

व्हाळकाठ | २१ जून, रात्री ११:१०

आज ऐकला! नऊ वाजता पाऊस उघडला आणि बेटाच्या पलीकडून सुरू झालं. केक-केक. केक-केक. आई, मी, बायको, दोन्ही मुलं, सगळे पडवीत दिवा घालवून बसलो. साडेदहाला व्हाळाच्या पलीकडून दुसऱ्याने उत्तर दिलं. धाकटीने वहीत वेळ लिहून घेतली.

एक मनातलं सांगतो. ते बांबूचं बेट मी यंदा दिवाळीनंतर काढणार होतो. माणूस ठरवला होता, पैसेही बोललो होतो. साप येतात, कचरा साठतो, असं वाटायचं. आता त्या माणसाला नको म्हणून सांगितलं. पातेरा (पाचोळा) मात्र आम्ही दरवर्षी तिथूनच भाजावळीला, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, ओढतो. तो थांबवायला हवा का?

---

कुळागर | २२ जून, सकाळी ८:००

सगळा ओढू नका एवढंच. तरव्यासाठी (भाताच्या रोपांसाठी) लागतो तेवढा वरच्या अंगाचा घ्या, बेटाच्या बुडाचा आणि ओढ्याकडेचा राहू द्या. गांडुळं, गोगलगायी त्या खालच्या कुजलेल्या थरातच असतात. क्रेकचं ताट तेच आहे. मी सुपारीखाली तसंच करतो आणि जमीनही सुधारली.

---

लेन्सवाला | ९ जुलै, रात्री १२:२५

देवराईत ऐकला. दोन. पुजारीकाकांच्या ओसरीवर बसलो होतो, कॅमेरा घरीच ठेवला होता. मोबाइलवर चार मिनिटांचं ध्वनिमुद्रण आहे, मागे पावसाचा आवाज आहे पण केक-केक स्वच्छ येतंय. घाटमाथा, तुम्हाला पाठवलंय.

---

घाटमाथा | ९ जुलै, सकाळी ७:०५

ऐकलं. तोच. तिसऱ्या मिनिटाला ती घरघर पण आलीय, कान देऊन ऐका. फार छान काम केलंत.

---

व्हाळकाठ | १८ ऑगस्ट, रात्री ८:३०

आज संध्याकाळी आई न्हाणीच्या खिडकीपाशी उभी होती. तिने हाक मारली नाही, नुसता हात हलवला. बेटाच्या कडेने एक मोठा पक्षी आणि मागून काळी कुळकुळीत पिल्लं, कापसाच्या बोंडाएवढी. आईने चार मोजली, मला तीन दिसली. पन्हळीच्या ओघळापाशी थांबली, मोठ्या पक्ष्याने पाचोळा उलटला, आणि सगळी आत गेली. अर्धं मिनिट असेल.

आवाज आठवडाभर ऐकू येत नव्हता म्हणून मी काळजीत होतो.

---

साधीसुधी | १८ ऑगस्ट, रात्री ८:५२

मांजर आहे का हो घरी?

---

व्हाळकाठ | १८ ऑगस्ट, रात्री ९:१०

आहे. रात्री माजघरात कोंडून ठेवतो, जूनपासूनच. केळीची पानं आणायला आम्ही बेटाजवळून जायचो, आईने ती वाट काटे टाकून बंद केली. आता वरच्या अंगाने जातो, चार पावलं जास्त पडतात.